ढोलकी कुठे शिकलात?

"आता चौदा तारखेला ढोलकीवर कोण बसणार?"

मोठे पप्पा हे आपल्या मित्राला विचारत होते, हळू आवाजात, कुणी ऐकत नाही असं समजून. मी सामानाच्या ट्रॉलीपलीकडे उभी होते आणि ऐकत होते. मुंबईच्या विमानतळाबाहेर दुपारचं ऊन होतं. आई सारखी डोळे पुसत होती. पप्पा चटणीच्या डब्याला पुन्हा एकदा दोरी बांधत होते. आणि माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळी भावंडं मोठे पप्पा म्हणतो, त्यांना धाकटा भाऊ मस्कतला चालला याचं दुःख असलंच तर ते ढोलकीच्या रूपाने बाहेर पडत होतं.

"बबन्या आहे ना," मित्र म्हणाला.

"बबन्या ढोलकी नाही वाजवत. बबन्या डबा वाजवतो."

मग पप्पा वळले, तसे दोघं गप्प झाले. मोठे पप्पांनी मला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लेकरा, तिकडं जाऊन निस्ती विंग्रजी फाडू नको. आपलं बी बोलत जाय."

मी मान हलवली. बारा वर्षांची होते आणि मान हलवणं हेच माझं बहुतेक बोलणं होतं.

पुढचं कळायला थोडं मागचं सांगायला हवं. औरंगाबादला आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, गायन पार्ट्यांचे सामने व्हायचे. दोन पार्ट्या मंडपात समोरासमोर बसायच्या. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर चढलं की लोक उठून उभे राहायचे. मोठे पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि आमच्या पार्टीचे मुख्य गायक. त्यांच्या डाव्या हाताला पप्पा, मांडीखाली ढोलकी. पप्पा इंजिनिअर झाले, चांगल्या कंपनीत लागले, आम्ही वस्तीतून कॉलनीत राहायला गेलो, तरी त्या आठवड्यात पप्पांची जागा बदलली नव्हती. १९९४ साली ती पहिल्यांदा रिकामी राहिली.

आम्ही बौद्ध आहोत. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. न कळण्याचे फायदे मला लहानपणीच कळले होते. औरंगाबादच्या माझ्या इंग्लिश मीडियम शाळेत एका मैत्रिणीच्या आईने मला घरी बोलावून आधी आडनाव विचारलं, मग आजोळ विचारलं, मग भिंतीवर कुणाचे फोटो आहेत ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मैत्रिणीचा डबा माझ्या बाजूला सरकायचा बंद झाला. भांडण नाही, काही नाही. आईने तेव्हा एक नियम घालून दिला होता, "विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर आपणहून नाही." तो नियम आमच्या सामानातून मस्कतला आला.

तिकडची भावंडं अजून फोनवर विचारतात, तुमच्या त्या वाळवंटात माणसं करमणूक काय करतात गं? त्यांना वाटतं, इथे फक्त नोकरी आणि एसी. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही मस्कतच्या सीब भागात राहायला लागलो, जुन्या बाजारापासून जवळ, एका ओमानी कुटुंबाच्या घराशेजारी. शेजारच्या गच्चीवर शेळ्या होत्या. समुद्र चालत जाण्याइतका जवळ होता आणि कोळ्यांच्या बोटी वाळूवर ओढलेल्या असायच्या. बाकी सगळं शांत. औरंगाबादला लाउडस्पीकर बंद करा म्हणून आम्ही ओरडायचो. इथे पहिल्या महिन्यात मी खिडकीत बसून कुठेतरी लाउडस्पीकर लागावा म्हणून वाट पाहिली आहे.

मग हळूहळू कळलं की इथला आवाज शोधावा लागतो. हिवाळ्यात कुरुमच्या बागेत महोत्सव भरायचा. देशोदेशीचे नाचणारे, ओमानी तलवारींचा नाच, दिव्यांच्या माळा, आणि मक्याची कणसं हातात घेऊन फिरणारी आमची सगळी शाळा. जवळच्या बरका गावी शुक्रवारी बैलांच्या टकरी व्हायच्या. बैलाला लागू द्यायचं नाही, एकाने माघार घेतली की खलास, मालक दोऱ्या ओढून त्यांना बाजूला करत. ओमानची टीम फुटबॉलमध्ये जिंकली की रस्ताभर हॉर्न, गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर आलेली मुलं आणि झेंडे. आणि दर शुक्रवारी सकाळी क्रिकेट.

ते क्रिकेट मी आयुष्यभर विसरणार नाही. गवत म्हणून नाही. दगडगोटे वेचून सपाट केलेलं मैदान, मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई खिळे ठोकून ताणलेली. फिल्डर पळाला की त्याच्यामागे धुळीचा ढग पळायचा. कंपन्यांच्या टीम असायच्या. भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन, सगळे ऑफिसात एकमेकांना सर म्हणणारे आणि इथे आई-बहिणीवरून बोलणारे. ऊन चढायच्या आत मॅच संपवायची, मग बायकांनी आणलेली इडली, पोहे, पराठे.

पप्पांच्या कंपनीच्या टीमचे कॅप्टन होते सुधीरकाका. पुण्याचे, गोरेपान, मोठ्याने हसणारे, मराठी मंडळाचेही सेक्रेटरी. पप्पांना बॅट धरता येत नव्हती. पण पहिल्याच हिवाळ्यात एक विकेट पडली आणि पप्पांनी शेजारी पडलेला पाण्याचा निळा रिकामा कॅन मांडीवर ओढला आणि असा काही वाजवला की स्क्वेअर लेगचा पाकिस्तानी अंपायरसुद्धा खांदे उडवायला लागला. तेव्हापासून पप्पा टीममध्ये कायम झाले.

"तुम्ही खेळला नाहीत तरी चालेल," सुधीरकाका म्हणायचे, "पण कॅन विसरलात तर यल्ला, घरी पाठवीन!"

समोरच्या टीमचा एक पठाण लाँग ऑनवरून ओरडायचा, "ओय बाजेवाले! हमारे छक्के पे भी बजाओ, अल्ला का वास्ता!" आणि पप्पा त्यांच्याही षटकारावर वाजवायचे. मी बायकांच्या सतरंजीच्या टोकाला, पुस्तक उघडं धरून बसलेली असायचे. पुस्तक मी वाचत नव्हते. पप्पांची बोटं बघत होते. औरंगाबादला मी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिथे ती बोटं दरवर्षी असायचीच.

शाळेत मी सुखी होते, हे सांगायला हवं. वर्गात केरळची, तामिळनाडूची, हैदराबादची मुलं. त्यांना माझ्या आडनावातून काहीही कळत नव्हतं आणि त्यांच्या आडनावांतून मला. प्रज्ञा फ्रॉम औरंगाबाद, एवढ्यावर सगळं संपायचं. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात मराठी. माझं वाक्य डोक्यात आधी इंग्रजीत तयार व्हायचं आणि ते मराठीत उतरेपर्यंत मोठ्या माणसांचा विषय बदललेला असायचा. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमांत मी शांत, गुणी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. शांत माणसासमोर लोक बरंच काही बोलतात.

एका कोजागिरीला मी दुधाचे ग्लास ट्रेमध्ये मांडत होते. एक काकू दुसरीला सांगत होत्या, "ह्यांच्या ऑफिसात हल्ली भरती बघाल ना! सगळे कोट्यातले. काम येत नाही, पण जयंतीची रजा बरोब्बर मागतात." आणि त्याच दमात आईकडे वळून, अगदी प्रेमाने, "वहिनी, साखर पुरेशी आहे ना हो दुधात?"

"पुरेशी आहे," आई म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं. नियमाप्रमाणे आपणहून सांगायचं नव्हतं. आईने सबंध ग्लास संपवला.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या ओमानी घरात लग्न निघालं. घराचे कर्ते म्हातारे खमीस होते. त्यांनी तरुणपणी कराचीला बोटीवर काम केलं होतं, त्यामुळे त्यांना हिंदी यायचं. संध्याकाळी गल्लीत सतरंज्या पडल्या, मोठे आणि छोटे ढोल आले, पांढऱ्या झग्यांतली माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली. एक रांग काहीतरी गायची, दुसरी त्याला उत्तर द्यायची. पप्पा आमच्या फाटकात उभे होते. गच्चीवरून मला त्यांची पाठ दिसत होती. पाठ हलत होती.

खमीसनी बघितलं आणि हाताने बोलावलं, "तआल, तआल!" कुणीतरी एक छोटा ढोल त्यांच्या गळ्यात अडकवला. सुरुवातीला पप्पा चुकले, सगळे हसले. मग लय सापडली. आमची ढोलकी बसून, बोटांनी वाजवायची, हा ढोल उभ्याने, तळहाताने. पण थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की मोठे पप्पा आत्ता गल्लीच्या वळणावरून येतील.

गाणं थांबल्यावर खमीसनी विचारलं, "तुम किधर सीखा?"

"मेरा बड़ा भाई गाता है," पप्पा म्हणाले. "मैं बाजू में बैठता था. हमारे लीडर का गाना."

"लीडर? सुलतान?"

"नहीं, सुलतान नहीं. वो हमको पढ़ने को बोला. हमारे लोगों को कोई पढ़ने नहीं देता था."

खमीसनी थोडा विचार केला. "ज़ेन," ते म्हणाले. म्हणजे चांगलं. "ऐसा आदमी का गाना गाने का." आणि पप्पांच्या हातात हलव्याची बशी दिली.

इतकं सोपं होतं. गच्चीवरून मी हे ऐकलं आणि मला आश्चर्य वाटलं. घराबाहेर कुणाला तरी पप्पांनी हे सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

काही वर्षांनी मंडळाने मुंबईहून गाण्यांचा वाद्यवृंद बोलावला. हॉटेल परवडायचं नाही म्हणून कलाकारांना घरोघरी वाटून घ्यायची पद्धत होती. कुणाकडे गायिका, कुणाकडे निवेदक. ज्याच्याकडे गायिका त्याची ऐट वेगळी. आमच्याकडे पेटीवाले आले, गिरणगावातले साठीचे गृहस्थ. माझी खोली त्यांना दिली आणि मी हॉलमध्ये आले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळलं की ढोलकीवाल्याचा व्हिसाच आला नाही. सामानात ढोलकी आली होती, वाजवणारा मुंबईतच राहिला होता.

सुधीरकाका धावत आमच्याकडे आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "अहो, तुम्ही तो कॅन बडवता ना, तसंच काहीतरी ह्या ढोलकीवर जमेल का? नाही म्हणू नका, वहिनी, तुम्ही सांगा ह्यांना. तिकिटं खपलीत हो! आता इन्शाल्ला म्हणून बसू का?"

पप्पांनी ढोलकी घेतली. तिच्या दोरीतली कडी जरा सरकवली, कातड्यावरच्या काळ्या शाईवर बोट टेकवलं, दुसऱ्या बाजूवर एक थाप मारली. सुधीरकाका हसायचे थांबले. आतल्या खोलीतून पेटीवाले बाहेर आले आणि दारात उभे राहिले.

तो कार्यक्रम ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. लावणीला बायकांनीसुद्धा शिट्ट्या मारल्या. दोन गाण्यांच्या मधे गायिकेने पप्पांना स्टेजवरच नमस्कार केला. मी पडद्यामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कुणी बघू नये म्हणून मी बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहिले.

शेवटी सगळे स्टेजमागे जमले. हार, फोटो, पाठीवर थापा. सुधीरकाकांनी पप्पांना मिठी मारली आणि विचारलं, "अहो, एवढी वर्षं लपवलंत! कुठे शिकलात हे?"

त्यांनी विचारलं होतं. आता नियमाप्रमाणे सांगायचं होतं. मी पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या भोवती दहा-बारा हसरे चेहरे होते आणि त्यांत त्या कोजागिरीच्या काकूही होत्या, सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवणाऱ्या.

"गावी," पप्पा म्हणाले. "असंच. भजनी मंडळात."

"वा! तरीच म्हटलं, संस्कार दिसतात हातात!"

पेटीवाले पेटी बंद करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "भजनाचा हात असा नसतो, साहेब." पप्पा हसले. आणखी कुणी ते ऐकलंही नाही.

पप्पांनी गाडी घराच्या रस्त्याला लावली. मग आई म्हणाली, "भाऊजींनी ऐकलं असतं तर?"

"ते कुठे ऐकायला येतायत," पप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून पप्पांचं नाव बुवा पडलं. मंडळात बुवा, क्रिकेटच्या मैदानावर बुवा, फोनवर "बुवा आहेत का?" मुलांचे बुवाकाका. प्रेमाने ठेवलेलं नाव होतं, त्यात काही वाईट नव्हतं. ढोलकी मंडळाने विकत घेऊन आमच्याकडेच ठेवली. एसीतून बाहेरच्या दमट हवेत नेली की तिचा स्वर उतरायचा, म्हणून कार्यक्रमाच्या आधी आई तिला हेअर ड्रायरने शेकायची. हे काम ती मनापासून करायची. फक्त कुणी बुवा म्हणून हाक मारली की ती दुसरीकडे बघायची.

आणि एप्रिल यायचा. मस्कतमध्ये आमची मोजकी घरं होती, बहुतेक इंजिनिअर, दोन अकाउंटंट, एक नर्सताई. चौदा तारखेच्या जवळच्या शुक्रवारी आम्ही बरक्याला एक शेत भाड्याने घ्यायचो. खजुराची झाडं, सिमेंटचा हौद, डाळ-भात, खीर. निळ्या कोटातला फोटो खुर्चीवर ठेवायचा, मेणबत्त्या लावायच्या, वंदना म्हणायची. मग पप्पा तीच ढोलकी काढायचे. तिथे ती वेगळी वाजायची. तिथे मोठे पप्पांनी पाठवलेल्या कॅसेटमधली गाणी आम्ही पोरं पाठ म्हणायचो, अर्थ अर्धा कळून.

"बुवा, परवा मॅचला नव्हतात?" सुधीरकाका विचारायचे.

"फॅमिली पिकनिक होती."

"दर एप्रिलला तुमची पिकनिक बरी असते हो! उन्हाळ्यात कोण जातं पिकनिकला?" आणि पुन्हा ते मोठं हसणं.

वर्षं गेली. मैदानाच्या जागी शोरूम आल्या. कॅसेटच्या सीडी झाल्या, व्हिडिओच्या दुकानांची शटर खाली आली, मॉलमध्ये सिनेमा आला. मी कॉलेजसाठी पुण्याला जाऊन परत आले, कुरुमच्या एका ऑफिसात लागले. लग्न झालेल्या मैत्रिणी लांबच्या माबेल्याला राहायला गेल्या, कारण तिथे भाडं कमी, आणि रोज गाडीत बसून एकमेकींना फोन करायला लागल्या. इथेच वाढलेली आम्ही मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलत राहिलो. औरंगाबादच्या भावंडांशी बोलताना मात्र मी एकेक शब्द चाचपून ठेवते, अंधारात पायरी चाचपावी तसा. पुण्यातल्या होस्टेलवरही आडनाव विचारणाऱ्या मुली भेटल्या. तिथेही मी आईचा नियम पाळला, आणि मला तो नियम कमी आणि कुलूप जास्त वाटायला लागला.

मोठे पप्पा रिटायर झाले आणि त्या हिवाळ्यात पप्पांनी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावलं. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, आधीच वारली होती, त्यामुळे ते एकटेच आले. विमानतळाबाहेर रुंद रस्ते बघून म्हणाले, "एक बी खड्डा नाही. तुमच्या गाड्यांचे मेकॅनिक खातेत काय?" उरलेल्या एका मैदानावर पप्पांनी त्यांना क्रिकेट दाखवायला नेलं. "माय, गवत नाही न काही नाही, आन् पांढरे कपडे घालून खेळू राह्यले!" खमीसबाबा आता काठी टेकत चालायचे. दोघं फाटकाशी खुर्च्या टाकून बसायचे, एक मोडकं हिंदी बोलायचा, दुसरा त्याहून मोडकं, आणि तासन् तास त्यांचं जमायचं.

घरात मोठे पप्पा गुणगुणायचे. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण वर गेला की अजून काचा थरथरायच्या. पार्टी आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. पोरांना डीजे हवा होता. "तू काय वाजवतो मंडळात?" ते पप्पांना विचारत. "मला ऐकू दे एकदा."

पप्पा टाळत होते. मला दिसत होतं. पण मंडळाचा हिवाळी कार्यक्रम होता आणि थोरल्या भावाला घरी ठेवून जाण्याचं कारण सापडत नव्हतं. त्या गुरुवारी मोठे पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसले. पहिल्याच गाण्याला त्यांनी माझं मनगट धरलं आणि सम आली की दाबलं. शेवटपर्यंत सोडलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "तोच हात हाय. बिघडला नाही."

कार्यक्रमानंतर शाळेच्या अंगणात चहा आणि बटाटेवडे होते. पप्पा ढोलकी खांद्याला लावून आमच्यापाशी आले. आई चहाचे कप घेऊन आली. आणि गर्दीतून वाट काढत सुधीरकाका आले, केस पांढरे झालेले, हसणं तसंच.

"तर हे थोरले बंधू! नमस्कार, नमस्कार. अहो, तुमच्या बुवांनी आमचं मंडळ तगवलंय. भजनाचं घर म्हणे तुमचं! तुम्ही पण भजनातच का? गात असाल ना? एखादा अभंग होऊन जाऊ दे की!"

मोठे पप्पांना क्षणभर कळलं नाही. त्यांनी सुधीरकाकांकडे बघितलं, मग पप्पांकडे. पप्पा चहाच्या कपात बघत होते. आईने पदर सावरला, जो सरकलेलाच नव्हता. मग मोठे पप्पांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यामुळे ते कधी कळलं ते मला नेमकं दिसलं. राग आला नाही. त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि हसले.

"हो तर," ते म्हणाले. "भजनच. असंच, थोडंफार."

बिनमाइकने सगळ्या मंडपाला पुरणारा तो आवाज समोरच्या माणसापर्यंत कसाबसा पोचला.

आपण घर सोडून आलो असं आम्ही सगळेच म्हणतो. मी विमानतळावरचा तो दिवस घर सोडल्याचा दिवस धरून चालले होते. त्या अंगणात मला वाटलं, आपण ते इथे सोडत होतो, थोडं थोडं, प्रत्येक बुवा या हाकेला ओ देताना. आणि आज मोठे पप्पांनाही आम्ही उरलेलं सोडायला लावलं. औरंगाबादला आता माझं काही फारसं नाही, सीबचं घर भाड्याचं आहे, माबेल्याला उद्या कदाचित माझंही एक होईल. ते कुठेही असलं तरी त्यात या माणसाला आवाज खाली करावा लागू नये, एवढंच मला घराबद्दल नक्की सांगता येतं.

सुधीरकाका वळायच्या बेतात होते. माझं वाक्य या वेळी इंग्रजीत तयार झालं नाही. तयारच झालं नाही, नुसतं बाहेर आलं, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने.

"नाही, काका. भजन नाही. आम्ही बौद्ध आहोत. मोठे पप्पा जयंतीच्या गायन पार्टीत गातात, मुख्य गायक आहेत, आणि पप्पा त्यांच्या शेजारी बसून ढोलकी शिकले. तुम्हाला ऐकायचं असेल तर आत्ताच सांगा, ढोलकी अजून गाडीत ठेवलेली नाही."